कार्डातली गाणी कोणी निवडली?

आज बचत, कर्ज, हप्ते बाजूला ठेवू. आज आपण गाण्यांबद्दल बोलणार आहोत. गाणं आपण ऐकतो कशावर, आणि नवं गाणं आपल्यापर्यंत येतं कोणाच्या हातून, एवढाच विषय आहे.

गटांच्या बैठकांसाठी आम्ही चिखली, मेहकर, लोणार भागात फिरतो. कपाशीच्या वेचणीत आता एक गोष्ट हमखास दिसते. ओटीत कापूस, कनवटीला बटणांचा मोबाईल, आणि मोबाईलमध्ये मेमरी कार्ड. कोणाकडे पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर असतो, तो बांधावर वाजत असतो. घरी एखाद्या आजीजवळ ‘कारवां’चा डबा असतो. २०१७ साली तो बाजारात आला, तेव्हा त्यात पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली होती.

पूर्वी गाणं असं एकटीचं नव्हतं. रेडिओ घरात एकच आणि त्याचा कान पिळायचा हक्क घरातल्या पुरुषांचा. विविध भारती सुरू झालं ३ ऑक्टोबर १९५७ला. आपल्याकडे अकोला आणि जळगाव आकाशवाणीही लागायची. चुलीपाशी भाकरी थापताना ओसरीवरून जे ऐकू येईल ते आपलं. दुसरा कर्णा. लग्न एकाच्या घरी असायचं, पण गाणी सगळ्या गावाला. मग टेप आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज कॅसेटमुळे वाड्या-वस्त्यांवर पोचला. पण एका तासाच्या कॅसेटमध्ये गाणी मावायची बारा-पंधरा, आणि कॅसेट आणायची कोणती हे बाजाराला जाणारा ठरवायचा.

मग एवढ्याशा कार्डात हजार गाणी कशी बसतात? बायका हे नेहमी विचारतात. आपण सुपात धान्य पाखडतो, फोल उडून जातं, दाणे राहतात. गाण्याचंही तसंच करतात. मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज आपल्या कानाला कळतच नाहीत. ते काढून टाकायचे आणि बाकीचं दाबून भरायचं. याला एमपी३ म्हणतात, ही युक्ती जर्मनीतल्या संशोधकांनी इतरांच्या साथीनं तयार केली. त्यामुळे गाण्याला लागणारी जागा साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. चार मिनिटांचं गाणं चार एमबीचं होतं, म्हणून चार जीबीच्या कार्डात हजारभर गाणी मावतात. रोज दोन तास ऐकलं तरी महिनाभर तेच गाणं पुन्हा येणार नाही.

परदेशात हे टप्प्याटप्प्यानं झालं. १९७९ला जपानमध्ये वॉकमन निघाला, १९९८ला कोरियातून पहिला खिशातला एमपी३ प्लेअर, २००१ला आयपॉड. आपल्या खेड्यात यातलं फारसं काही आलं नाही. आपल्याकडे थेट कार्डाचा मोबाईल आला, तोही बहुतेकींच्या हाती नवऱ्याचा किंवा पोराचा जुना झाल्यावर.

तरी त्यानं काय दिलं ते मान्य केलं पाहिजे. भरल्या घरात सुनेला स्वतःचं असं काय असतं? एका गटातल्या ताई म्हणाल्या, “रात्री भांडे झाले का मी कानात लावतो, दोन गाणे आयकतो अन् झोपतो. मले कोनी इचारत नाही का काय आयकतं म्हून.” त्या ऐकतात लावण्या. घरात मोठ्यानं लावल्या असत्या तर बोलणी बसली असती. आमच्या मते ही लहान गोष्ट नाही. आपल्याला काय आवडतं हे कोणाची परवानगी न घेता ठरवण्याची बाईला मिळालेली ती जागा आहे.

पण त्याच ताईंना आम्ही विचारलं, ही गाणी कार्डात कोणी भरली? म्हणाल्या, भाच्यानं. बैठकीत सगळ्याजणींना विचारलं तेव्हा हीच उत्तरं आली: पोरगा, दीर, रिचार्जच्या दुकानातला मुलगा. दुकानदार एकच गठ्ठा सगळ्यांना देतो. भक्तीची शंभर, भीमगीतं शंभर, जुनी हिंदी दोनशे, बाकी डीजेची. म्हणजे कार्ड वीस बायकांचं वेगवेगळं आणि आत गाणी तीच. वर नावं इंग्रजीत, किंवा नुसते आकडे. ज्यांना वाचता येत नाही त्या बटण किती वेळा दाबायचं ते मोजून आपलं गाणं काढतात. त्यांची हुशारी आहे, पण नवं गाणं अशानं सापडत नाही. (परवानगी नसताना पैसे घेऊन गाणी भरून देणं १९५७च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही, हेही माहीत असू द्या.)

म्हणून पुढच्या वेळी कार्ड भरायला स्वतः जा. काय हवं ते सांगा. गायकाचं नाव आठवत नसेल तर दोन ओळी गुणगुणून दाखवा. आणि मैत्रिणीच्या कार्डातलं एखादं गाणं मागून घ्या, ब्लूटूथनं ते मिनिटात येतं. आपल्याला आवडलेली कितीतरी गाणी दुसऱ्या बाईच्या तोंडूनच तर आली.

२०१६नंतर नेट स्वस्त झालं आणि ज्यांच्याकडे मोठा फोन आहे त्यांना कार्डाची गरज राहिली नाही. तिथं भाचा नाही, पण यंत्र आहे. तुम्ही एक अभंग ऐकला की ते अभंगच पुढे करत राहतं. चुकून एक भडक गाणं लागलं की आठवडाभर तसलीच. ते आपली मागची आवड पाहून पुढचं वाढतं. नवं हवं तर नाव टाकून शोधावं लागतं, आणि टाइप करायची गरज नाही. माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की चालतं.

आता मुख्य गोष्टीवर येतो. या हजार गाण्यांत आपल्या स्वतःच्या तोंडचं एकही नाही. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओव्या थांबल्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, टिपऱ्या वाजतात, शेवटी खाऊ ओळखायचा असतो. पण कित्येक गावांत पूर्ण गाणी येणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्याच राहिल्यात.

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तक निघालं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित आहेत, आणि ‘पारी’ या संकेतस्थळावर मोबाईलवर ऐकता येतात. त्यांना ध्वनिमुद्रणाचं यंत्र सोबत घेऊन जावं लागलं. आपल्याकडे ते यंत्र कनवटीलाच आहे.

बटणांच्या बहुतेक मोबाईलमध्येही ‘रेकॉर्डर’ असतो. दुपारची निवांत वेळ बघा, पंखा आणि टीव्ही बंद करा, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरा. सुरू केल्याबरोबर आधी बोला: गाणारीचं नाव, गाव, तारीख, हे गाणं कधी म्हणतात. नाव लिहिता येत नसलं तरी आवाजातच नोंद राहते. मध्ये अडखळली तर थांबवू नका, विसरलेली ओळ दुसरीला आठवते, तेही येऊ द्या. कार्ड कधी बिघडेल सांगता येत नाही, म्हणून लगेच दुसऱ्या कार्डात एक प्रत करा.

पण आधी विचारा. ओवीत सासूचं नाव असतं, भावानं न दिलेली साडी असते, मेलेलं लेकरू असतं. जात्यावर ती पहाटेच्या अंधारात म्हटलेली असते. ती व्हॉट्सॲपवर गेली की सासरच्या गावातही पोचते. त्यामुळे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: “रेकॉर्ड करू का?” आणि “बाहेर कोणाला ऐकवू का?” पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असंही उत्तर येईल. तेव्हा ते गाणं तिच्याच कार्डात राहू द्या, तिच्या लेकीसाठी. आणि तिचं रेकॉर्डिंग तिला ऐकवल्याशिवाय उठू नका. आयुष्यभर गायलेल्या बाईनं स्वतःचा आवाज बऱ्याचदा कधीच ऐकलेला नसतो.

भुलाबाईला आता फार दिवस नाहीत. कानात लावून ऐकताना आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका, रस्त्यानं चालताना एक कान मोकळा ठेवा. आणि या केंद्रावर लावण्यासाठी गाणी आणाल तेव्हा प्रत आणा. मूळ कार्ड घरीच ठेवा.