गाडी तीच, मग पेट्रोल जास्त का जाते?

एकाच सोसायटीत दोन शेजाऱ्यांकडे एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच वर्षी घेतलेली गाडी असते. रविवारी सकाळी गाड्या पुसताना गप्पा निघतात आणि एक जण सहज सांगून जातो, ''आमची लिटरला १८ देते.'' दुसऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्याची गाडी १३वर अडलेली असते. मग मेकॅनिकला बोलावणे जाते, पंपावर भेसळीचा संशय घेतला जातो, कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. चालवणाऱ्याच्या उजव्या पायाची चौकशी मात्र कोणी करत नाही.

हा फरक किरकोळ नाही. महिन्याला ९०० किलोमीटर गाडी फिरत असेल, तर १८च्या हिशेबाने ५० लिटर पेट्रोल लागते आणि १३च्या हिशेबाने ६९. लिटरला १०० रुपये धरले, तरी महिन्याला १,९०० रुपयांचा फरक पडला. मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशात मुलाच्या एखाद्या क्लासची फी निघते.

उजवा पाय काय करतो?

सिग्नल हिरवा झाला की जोरात ॲक्सिलरेटर दाबायचा आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारायचा, ही शहरातली नेहमीची सवय. गाडीला वेग देण्यासाठी जाळलेले पेट्रोल ब्रेक दाबताच उष्णता होऊन वाया जाते. पुढचा सिग्नल लाल आहे हे शंभर पावले आधी दिसत असते. तेव्हाच पाय उचलला, तर गाडी आपोआप मंदावते आणि बहुधा पूर्ण थांबायच्या आत सिग्नल सुटतो. पोहोचायला दोन्ही प्रकारे सारखाच वेळ लागतो.

क्लचवर पाय ठेवून चालवणे ही दुसरी खोड. त्यात इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही आणि क्लचप्लेट लवकर झिजते ती वेगळीच. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असताना तिसरा न टाकणे हीही तशीच उधळपट्टी. पण घाईने वरचा गिअर टाकून गाडी धडधडत ओढणेही बरे नव्हे.

शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून, एसी लावून मुलांची वाट पाहणारे पालक सगळ्याच शहरांत दिसतात. छोट्या गाडीचे इंजिन नुसते चालू राहिले, तरी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. रोज २० मिनिटे आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर चार ते सहा लिटर एक इंचही न हलता जळतात. एसीचे वेगळे.

महामार्गावर हिशेब बदलतो. तिथे खरा शत्रू हवा. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८०वरून १००वर गेल्यावर तो दीडपटीहून अधिक होतो. १०० किलोमीटरच्या प्रवासात त्यामुळे वाचतात फक्त १५ मिनिटे, तीही रस्ता मोकळा असेल तर. सुट्टीच्या प्रवासासाठी टपावर लावलेले कॅरिअर घरी परतल्यावरही महिनोन् महिने काढले जात नाही. रिकामे असले तरी ते हवा अडवतेच. एसीचेही असेच. शहरातल्या संथ वेगात काचा उघडून एसी बंद ठेवला तर पेट्रोल वाचते, पण महामार्गावर उघड्या खिडक्यांतून शिरणारी हवाच गाडीला मागे खेचते. तिथे काचा बंद करून बेताचा एसी लावलेला बरा.

टायरमधल्या हवेकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो आणि गाडी ओढायला जास्त जोर लागतो. किती हवा भरायची याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. पंपावरच्या पोऱ्याने ''किती मारू?'' विचारल्यावर अंदाजे सांगण्यापेक्षा तो एकदा वाचून ठेवावा आणि पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, हवा तपासून घ्यावी.

उतारावरची जीवघेणी बचत

एक समजूत मात्र लवकर मोडायला हवी. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचे म्हणजे फुकटात प्रवास होतो, असे अनेक जण मानतात. वडील असेच करत, म्हणून मुलगाही करतो.

कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत त्याने थोडेफार पेट्रोल वाचत असेलही. आजच्या गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि संगणक इंधनाचा पुरवठा तोडतो. त्या वेळी पेट्रोलचा खर्च शून्य असतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी इंधन घेतच राहते. म्हणजे न्यूट्रल टाकणारा वाचवत नाही, जास्त जाळतो!

आणि धोका? गिअर सुटला की इंजिनाचा लगाम सुटतो. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ लागतात. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते, स्टिअरिंग जड होते आणि चावी जास्त फिरली तर ते लॉकही होऊ शकते. नोव्हेंबर २०२२मध्ये पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडका दिल्या आणि अनेक जण जखमी झाले. ब्रेक निकामी झाले नव्हते, इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले असावे, असा प्राथमिक अंदाज तेव्हा पोलिसांनी सांगितला होता. बोरघाट असो की उटी-मसुरीचा रस्ता, ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अजूनही खरा आहे.

गाडी निवडताना

शोरूममध्ये सांगितला जाणारा मायलेजचा आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठरावीक पद्धतीने चालवली जाते. तिथे खड्डे नसतात, मागच्या सीटवर आजी-आजोबा नसतात, डिकीत सामान नसते. म्हणून हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा, महिन्याचे बजेट त्यावर बांधू नये.

तुलनेतही एक गंमत आहे. १०ची गाडी बदलून १२ची घेणे आणि २०ची बदलून २५ची घेणे, यात जास्त बचत कशात? बहुतेक जण दुसरीकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात १,००० किलोमीटरमागे पहिल्यात सुमारे १७ लिटर वाचतात आणि दुसऱ्यात १०. घरात दोन वाहने असतील, तर आधी जास्त पिणाऱ्या वाहनाकडे पाहावे.

उंच, रुंद, दणकट दिसणाऱ्या गाड्यांचा सध्या फार सोस आहे. त्यातली कितीतरी वाहने खड्ड्यांच्या गावी कधी जातच नाहीत. ऑफिस आणि भाजी मंडई एवढेच त्यांचे जग! गाडी जड असली की सिग्नलवर थांबून पुन्हा निघताना दरवेळी जास्त इंधन जाते, आणि तोंड रुंद असले की महामार्गावर जास्त हवा अडते. ज्यांना खरोखर सात माणसे न्यायची आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी.

डिझेलची गाडी लिटरमागे जास्त पळते, पण पेट्रोलच्या गाडीपेक्षा महाग मिळते. वरचे पैसे किती किलोमीटरांत वसूल होतील हे मांडून पाहावे. रोजची धाव कमी असेल, तर ते वर्षानुवर्षे वसूल होत नाहीत. सीएनजी किलोवर मिळतो, त्यामुळे त्याचा आकडा पेट्रोलशी तसाच ताडू नये. किलोमीटरला किती रुपये पडतात, हे विचारावे. शिवाय सिलिंडर डिकी खातो. हायब्रिड गाडी ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते, म्हणून तिचा लाभ शहराच्या गर्दीत जास्त, मोकळ्या महामार्गावर कमी.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज काही टक्क्यांनी घटले, तर त्यात चालवणाऱ्याचा दोष नाही.

खरा आकडा हवा असेल, तर डॅशबोर्डवर फार विसंबू नये. टाकी पहिल्या कटपर्यंत फुल करावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावे. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, झाला हिशेब. असे तीन-चारदा करून सरासरी काढावी. दुधाचा हिशेब ज्या वहीत असतो, तिचेच मागचे पान त्याला पुरते. नवरा आणि बायको दोघेही गाडी चालवत असतील, तर वेगवेगळे रकाने पाडावेत. रकाने भरल्यावर कोणाचा पाय जड आहे यावरून घरात दोन दिवस वाद होईल, तेवढी तयारी मात्र ठेवावी.