नकाशावरील अक्षराची उंची

घराचा नकाशा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. भिंती, दारें आणि खिडक्या बारीक रेघांनीं दाखविलेल्या, आणि प्रत्येक खोलींत तिचें नांव व मापें लिहिलेलीं. रेघांकडे लक्ष जातें. अक्षराकडे तें वाचतां येईनासें झालें म्हणजेच जातें. आज त्या अक्षराविषयींच बोलावयाचें आहे.

नकाशे हातानें काढीत तेव्हां ही अडचण फारशी नव्हती. कागद पुढ्यांत असे. घर शंभरपटीनें लहान करून त्यावर उतरावयाचें आणि अक्षर मात्र डोळ्यांना सुखानें दिसेल एवढें, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर उंचीचें, लिहावयाचें. संगणकानें हा क्रम उलटा केला. १९८२ सालीं निघालेल्या ऑटोकॅडसारख्या साधनांत चार मीटरची भिंत चार मीटरचीच, म्हणजे ४००० मिलिमीटर लांबीची, काढतात. कागद किती मोठा, प्रमाण कोणतें, हे प्रश्न छपाईच्या वेळीं येतात.

भिंतींना हें फार सोयीचें आहे. पण अक्षराचें काय? अक्षर घराचें नव्हे, कागदाचें आहे. त्या चार मीटरच्या खोलींत २.५ मिलिमीटरचें अक्षर ठेवून १:१०० या प्रमाणानें नकाशा छापला, तर तें ०.०२५ मिलिमीटरचें उमटेल. माणसाचा केसहि त्याहून जाड असतो! म्हणून २.५ ला १०० नें गुणावें लागतें. पडद्यावर अक्षराला २५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा इंच, उंची द्यावी लागते. नवशिका विद्यार्थी येथें हटकून बिचकतो, कारण दुकानाच्या पाटीवर शोभणारें अक्षर स्वयंपाकघरांत लिहिण्यास त्याचें मन धजत नाहीं. १:५० साठीं हीच उंची १२५ होते. फूट-इंचांच्या नकाशांत ‘एक फुटास अष्टमांश इंच’ हें प्रमाण १:९६ भरतें, आणि अष्टमांश इंचाचें अक्षर तेथें बरोबर एक फूट उंचीचें होतें.

एकच खोली दोन प्रमाणांत दाखवावयाची झाली कीं गुणाकार दोनदां आला. त्यावर १९९० सालच्या आवृत्तींत ऑटोकॅडनें तोड काढली: कागदाचें पान वेगळें ठेवावयाचें, त्याला खिडकी पाडून तिच्यांतून घर हव्या त्या प्रमाणांत पाहावयाचें, आणि अक्षरें पानावरच खऱ्या उंचीनें लिहावयाचीं. पुढें २००८ च्या आवृत्तीपासून अक्षराला केवळ कागदावरची उंची सांगितली कीं गुणाकार यंत्रच करूं लागलें. तरीहि आरंभीं हा हिशेब हातानें करावा असें माझें मत आहे. नाहींतर चूक झाली असतां ती कोठें झाली हें उमगत नाहीं.

खरा घोटाळा मात्र यानंतर होतो. ए-१ आकाराचा मोठा नकाशा घरीं येतांना बहुधा ए-३ वर आंखडून येतो. बाजू निम्म्या होतात. चार मीटरची भिंत ४० ऐवजीं २० मिलिमीटर उरते, पण कोपऱ्यांत ‘१:१००’ तसेंच छापलेलें असतें. सुतारानें पट्टी लावून त्यावर विश्वास ठेवला, तर चार मीटरच्या भिंतीला दोन मीटरचें कपाट येईल. अशा वेळीं खरें राहतें तें लिहिलेलें माप, पण तें वाचतां आलें तर! २.५ मिलिमीटरचें अक्षर १.२५ वर येतें आणि ३ व ८ यांत फरक उरत नाहीं.

आंतरराष्ट्रीय मानकांत अक्षरांच्या उंचीची माळ १.८, २.५, ३.५, ५, ७ अशी आहे. प्रत्येक पायरी मागचीच्या सुमारें १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी. आणि ए मालिकेंतील कागदांच्या बाजूहि याच पटीनें वाढतात. त्यामुळें ए-१ वरील ५ चें अक्षर ए-३ वर नेमकें २.५ चें होतें. नकाशा आंखडणार हें ठाऊक असलेला आरेखक म्हणूनच मापें ५ नें लिहितो आणि शेजारीं मीटरचे भाग पाडलेली एक प्रमाणपट्टी काढून ठेवतो. नकाशा कितीहि आंखडला तरी ती त्याच्याबरोबरच आंखडते, आणि भिंतीची लांबी तिच्याशीं ताडून पाहतां येते.