सेंट लुईसचे लाकडी मंदिर आणि धुळ्याची कानबाई

वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, हे आपल्या घराघरांत मुलांना सांगितले जाते. ती परिषद तेथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०४ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात पालिताण्याच्या धर्तीचे कोरीव लाकडी जैन मंदिर उभारले गेले, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

प्रदर्शन ३० एप्रिलला उघडले आणि १ डिसेंबरला मिटले. अशा मंडपाची किंमत हिशेबनीस त्याच वर्षी शून्य धरतो. परंतु सागवानाचे ते मंदिर टिकले. पुढे ते लास व्हेगासमधील ‘कास्टवेज’ या हॉटेल-जुगारगृहात शोभेची वस्तू म्हणून राहिले. ज्या आकृतीपुढे हात जोडावेत, तिच्याजवळून माणसे फाशांवर नशीब अजमावयास जात! १९८७ मध्ये ते हॉटेल बंद पडले. आज मंदिर लॉस एंजेलिसजवळ, ब्युएना पार्क येथील जैन केंद्रात आहे.

ही कथा वाचताना मला धुळ्यातील आमची शेजारीण आठवली. तिच्या घरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसे. कुळातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून घ्यायचे, त्यांचे रोट करायचे, नारळाला नाक-डोळे काढून, नथ घालून देवी सजवायची, रात्रभर अहिराणी गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचे. रोट भाऊबंदांपलीकडे जात नसत. भिंतीला भिंत असूनही आमच्या वाट्याला गाणीच येत. (आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात आजही गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलली जाते, पण ही गाणी किती जणांनी पुरती ऐकली असतील?)

नथ घातलेला नारळ काचेच्या पेटीत घालून जगात कोठेही पाठविता येईल. मोजलेला गहू कोणत्या कुळाचा म्हणून पाठवावा?

एकदा मी हौसेने तिला विचारले, की बँकेच्या स्नेहसंमेलनात कानबाईचे गाणे सादर कराल का? प्रत्येकाला पाच मिनिटे होती. पदराने हात पुसत ती म्हणाली, “भाऊ, पाच मिन्टमा कानबाईले बसाडू का उठाडू?”

मी यादीतून ते नाव खोडले. त्या श्रावणात मात्र ओट्यावर बसून पहाटेपर्यंत ऐकत राहिलो.