जिन्याखालची जागा

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ठाऊक असेलच कीं, शौचकूप हा घराचा भाग आहे असें तेथें कोणीं मानलेंच नव्हतें. तो परसांत, चौक ओलांडून, होईल तितका दूर. आमच्याहि वाड्यांत तसेंच होतें. मागील बोळांतून दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावरून ती घाण जाई, आणि आम्ही बोळाकडे पाठ करून सोंवळें पाळीत असूं! त्या प्रथेस बंदी करणारा कायदा व्हावयास १९९३ साल उजाडावें लागलें. आमच्याकडे ड्रेनेज त्याच्या पुष्कळ आधीं आलें. जागा मात्र तीच राहिली.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मातुःश्री, वय वर्षें ८४, रात्रीं चौकांतील शेवाळावरून घसरून पडल्या. हाड मोडलें नाहीं हें दैव. परंतु तेव्हांपासून दिवेलागणीनंतर त्यांनीं पाणी पिणेंच सोडलें होतें. हें वहिनींच्या ध्यानांत आलें तेव्हां आम्हां सर्वांसच लाज वाटली.

जिन्याखालीं अडगळीची कोठडी होती. रुंदी ३ फूट, लांबी ५ फूट. तेथें सोय करावयाचें ठरतांच काकांनीं आक्षेप घेतला कीं, देवघराच्या भिंतीस भिंत लागते. मातुःश्रीच म्हणाल्या, "भाऊजी, देवाला चालेल. मला चौक ओलांडवत नाहीं."

बसतांना माथ्यावर उंची कमी असली तरी चालतें, उठतांना चालत नाहीं. म्हणून भांड्याची पाठ जिन्याच्या उतरत्या अंगास ठेवून पुढची मोकळी जागा दाराशीं घेतली. खरी चिंता उताराची. मैल्याच्या ४ इंची नळास दर ४० फुटांस १ फूट उतार हवा. चौकांतील चेंबर २० फुटांवर. म्हणजे ६ इंच. वाड्याचें जोतें उंच, म्हणून तो मिळाला. नाहीं तर सारा बेत तेथेंच फसता.

भिंत विटामातीची. तीस सर्वत्र सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आंत कोंडते व सागवानी खांबाचा बुंधा कुजूं लागतो. यास्तव पाणी उडतें तेवढ्याच उंचीपर्यंत फरशी लावून वर चुनाच ठेवला. तळाची परीक्षा म्हणून जाळी बुजवून पाणी भरून ठेवलें, तों दुसऱ्या दिवशीं तें बोटभर उतरलेलें! गवंडीबुवांचें म्हणणें, वाफ झाली. आम्ही तळ उकरवून पुन्हां करविला.

दाराच्या बाबतींत चूक आमचीच. तें आंत उघडणारें बसविलें होतें. आंत कोणी भोवळ येऊन पडल्यास देहच दारास अडसर होईल, हें धाकट्या सूनबाईंनीं दाखवून दिलें. दार उतरवून बाहेर उघडणारें केलें, कडीहि बाहेरून काढतां येईल अशी घेतली, आणि उजव्या हातास धरावयास दांडी बसविली.

आतां निजतांना मातुःश्री फुलपात्रभर पाणी पितात.