पाच वर्षांची जोडपदवी आणि आपली मुले

आमच्या वस्तीतली एक मुलगी बारावीचा निकाल घेऊन माझ्याकडे आली. "सर, कॉम्प्युटर सायन्सला जायचं आहे. पाच वर्षांचं एकदम घेऊ, का आधी तीन वर्षांचं?" वडील शिरोलीच्या फाउंड्रीत हंगामी कामगार. तिला जे सांगितले तेच येथे मांडतो. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी रचना समजून घेऊ. 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडची रुळलेली वाट म्हणजे तीन वर्षांची बी. एससी. आणि पुढे दोन वर्षांची एम. एससी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी दोन वाटा मांडल्या. एक, चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि वर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी. दुसरी, दोन्ही पदव्या एकत्र गुंफलेला पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. बेरीज तिन्हीकडे पाचच. फरक आहे तो मधल्या दारांचा.

एकात्मिक अभ्यासक्रमात प्रवेश एकदाच. मध्ये पुन्हा प्रवेश परीक्षा नाही, पुन्हा यादीत नाव शोधणे नाही. दारे आपल्यालाच कशी आडवी येतात हे मी अनुभवाने सांगतो. बी. एससी. झाल्यावर दोन वर्षे मी एका दुकानात हिशेब लिहिले. बुद्धी कमी पडली नव्हती. फीचे पैसे नव्हते आणि एक दाखला एका कचेरीत अडकला होता. पुन्हा वर्गात बसलो तेव्हा शिकलेले निम्मे पुसून गेले होते.

आणि हा विषय असा तुटक शिकण्याचा नाही. संगणकशास्त्र म्हणजे संगणक चालवणे नव्हे. तर्कशास्त्र आणि गणित हा पाया. त्यावर डेटा स्ट्रक्चर्स व अल्गोरिदम. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर. खालची वीट हलली की वरची भिंत डुगडुगते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले वर्ष इंग्रजी उमगण्यातच जाते. पाच वर्षे सलग हाती असली तर ते भरून काढता येते.

पण याच सलगपणात धोका आहे. तिसऱ्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला तर मुलाच्या हातात काय? नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परतावे आणि सात वर्षांत पदवी पुरी करावी, असा दंडक. मिळवलेले श्रेयांक बँकेतल्या ठेवीसारखे जमा राहतात. तरीही आपल्या संस्थेचा नियम काय, हे माहितीपत्रकात वाचल्याशिवाय अर्जावर सही करू नये.

मला भीती वेगळीच वाटते. कालपर्यंत ज्याला आपण गळती म्हणत होतो तिला उद्या प्रमाणपत्र मिळेल आणि व्यवस्था हात झटकेल. बाहेर पडण्याची सोय सर्वांना. बाहेर पडावे लागते ते मात्र आपल्याच मुलांना!

बाबासाहेबांचे उदाहरण आठवावे. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. 1920 मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःच्या पगारातील शिल्लक, मित्राचे कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन. 1921 मध्ये एम. एससी., 1923 मध्ये डी. एससी. मुभा कागदावरच होती. तिला पाय फुटले ते पैशाने.

शाळेचे दार उघडून भागत नाही, राहण्याजेवण्याचीही सोय लागते, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणूनच 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले.

त्या मुलीला मी तीन गोष्टी लेखी विचारून यायला सांगितले. तिसऱ्या वर्षी पदवी हाती पडेल का? शिष्यवृत्ती पाचही वर्षे लागू राहील का? वसतिगृहातली जागा शेवटपर्यंत टिकेल का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर पाच वर्षांचे बेधडक घ्यावे. एकाचेही 'नाही' असेल तर आधी तीन वर्षांची पदवी पदरात पाडून घ्यावी आणि त्या 'नाही'विरुद्ध आपण सर्वांनी मिळून भांडावे. ते भांडण तिच्या एकटीवर सोडून चालणार नाही.