चंद्रावरचं पाणी कुठलं?

अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. ती तपासून निघालेला निष्कर्ष पुढची तीस-पस्तीस वर्षं ठाण मांडून बसला: चंद्र ठणठणीत कोरडा आहे. कुठे पाण्याचा अंश सापडलाच, तर नमुन्यांत पृथ्वीवरची दमट हवा शिरली असणार, असं म्हणून तो बाजूला ठेवला जाई. कोरडेपणाला कारणही तयार होतं. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या तप्त ढिगाऱ्यातून चंद्र घडला. त्या आगीत पाणी टिकणार कसं?

या समजुतीला मोठा हादरा दिला तो चांद्रयान-१ने. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या या यानावर नासाचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ होतं. चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात तीन मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त भाग त्याला कमी भरला. हा भाग पाणी आणि हायड्रॉक्सिल शोषून घेतात. सप्टेंबर २००९मध्ये ही बातमी जाहीर झाली, तेव्हा कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट या यानांच्या नोंदींनीही तिला दुजोरा दिला. पुढच्याच महिन्यात नासाने रॉकेटचा एक रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात मुद्दाम आदळवला. उडालेल्या धुरळ्यात सुमारे १५५ किलो पाणी दिसलं. पाणी आहे की नाही हा वाद मिटला आणि ते आलं कुठून, याचा शोध जोरात सुरू झाला.

पहिला दावेदार सूर्य. सूर्यापासून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने प्रोटॉनांचा झोत वाहत असतो. त्याला अडवायला चंद्राकडे ना वातावरण, ना चुंबकीय ढाल. हे प्रोटॉन मातीत घुसतात, खनिजांतल्या ऑक्सिजनला चिकटतात आणि हायड्रॉक्सिल तयार होतं, काही वेळा पाणीही. चीनच्या छांग-अ-५ने डिसेंबर २०२०मध्ये आणलेल्या मातीत याचा पुरावा मिळाला. उल्कांच्या माऱ्याने वितळून गोठलेले काचेचे बारीक मणी कापून पाहिले, तर काठाशी पाणी जास्त आणि गाभ्याकडे कमी होत गेलेलं. म्हणजे ते बाहेरून मुरलं होतं.

दुसरे दावेदार धूमकेतू आणि पाणीदार लघुग्रह. त्यांनी आणलेलं पाणी उन्हात उडून जाणार, मग साचणार कुठे? याचं उत्तर १९६१मध्येच वॉटसन, मरे आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं होतं. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला असल्याने ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही. काही जागी तापमान उणे २४० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. भटकत आलेला बाष्पाचा रेणू तिथे पडला की अडकला.

तिसरा दावेदार खुद्द चंद्राचं पोट. डिसेंबर १९७२मध्ये अपोलो-१७चे भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना शॉर्टी विवराच्या काठावर चक्क नारिंगी माती दिसली. साडेतीन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या फवाऱ्यातून गोठलेले ते काचेचे कण होते. २००८मध्ये अल्बर्टो साल यांच्या गटाला अशा कणांत पाणी सापडलं. त्याहून मोलाचा ऐवज ऑलिव्हिनच्या स्फटिकांत होता. उद्रेकाआधीच स्फटिकात बंद झालेले शिलारसाचे सूक्ष्म थेंब बाष्प न गमावता टिकले होते. २०११मध्ये मोजमाप झालं तेव्हा त्यांत दहा लाखांत ६१५ ते १४१० भाग पाणी निघालं, पृथ्वीवरच्या सागरतळाच्या काही लाव्हांइतकं. पण सगळं पोट एकसारखं ओलं नाही. छांग-अ-६ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूने आणलेल्या बेसॉल्टवरून तिथल्या प्रावरणात दहा लाखांत जेमतेम एक-दीड भाग पाणी असल्याचा अंदाज निघाला.

मग पाण्याचा सातबारा तपासायचा कसा? जड हायड्रोजनवरून, म्हणजे ड्युटेरियमवरून. सूर्याने आपलं ड्युटेरियम लहानपणीच जाळून टाकलं, त्यामुळे त्याच्या झोतातून घडलेल्या पाण्यात ते जवळपास नसतंच. रोझेटा यानाने तपासलेल्या ६७पी धूमकेतूवर त्याचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिपटीहून अधिक निघालं. नारिंगी काचेतल्या थेंबांचं प्रमाण मात्र कार्बनयुक्त उल्कांशी आणि पृथ्वीशी जुळतं, असं साल यांच्या गटाने २०१३मध्ये दाखवलं. म्हणजे पोटातलं पाणी बहुधा पृथ्वीच्याच शिदोरीतलं असावं. पण जपून: पाणी उडताना हलका हायड्रोजन आधी निसटतो आणि उरलेल्यात ड्युटेरियम वाढतं. नुसता आकडा पाहून धूमकेतूच्या नावावर शिक्का मारता येत नाही.

म्हणून ‘चंद्रावरचं पाणी’ असं एकेरी बोलणंच फसवं आहे. उघड्या मातीतलं पाणी मुख्यतः सूर्याचं, पोटातलं जन्मजात. ध्रुवांवरच्या बर्फाचा निवाडा तेवढा व्हायचा आहे, कारण त्याचा एकही खडा अजून पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आलेला नाही. इस्रो आणि जपानची जाक्सा मिळून आखत असलेल्या लुपेक्स मोहिमेतला रोव्हर तिथली जमीन खोदून पाहणार आहे.

या निवाड्यावर पुढचा व्यवहारही ठरेल. बर्फ फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे रॉकेटचं इंधन मिळवण्याचे बेत आखले जात आहेत. तो बर्फ सूर्याच्या देण्यातून साचत असेल, तर तो अतिशय संथपणे का होईना, भरून निघेल. तो जुन्या धूमकेतूंचा असेल, तर उपसला की संपला, आणि त्याबरोबर अब्जावधी वर्षांची नोंदही पुसली जाईल. तेव्हा पहिलं यंत्र तिथे उतरवायचं ते बर्फ वितळवणारं नव्हे, ड्युटेरियम मोजणारं असावं.