दार-ए-सलामचे वार्तापत्र : आधी रस्ता, मग कागद

दार-ए-सलाम : टांझानियात जमिनीचा मालक कुणीच नाही. 1963 साली खासगी मालकी रद्द झाली. सगळी जमीन राष्ट्राध्यक्षांच्या नावे, जनतेसाठी. माणसाला मिळतो तो वहिवाटीचा हक्क; सरकारने दिलेला असेल तर फार तर 99 वर्षांचा. अकोल्यातला नजूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, पट्टा अख्ख्या देशाला लावला असे समजा.

पण शहराच्या कडेला खरेदी-विक्री जोरात चालते. शेतकरी शेताचे तुकडे पाडतो, शेजारी साक्षीला उभे राहतात, वस्तीचा निवडून आलेला अध्यक्ष कागदावर सही-शिक्का देतो. सरकारदप्तरी या व्यवहाराची नोंद नसते, तरी वस्तीत तो कागद चालतो. आपल्याकडे एनए न करता पाडलेले, स्टॅम्पपेपरवर विकलेले प्लॉट वेगळे ते काय!

1972 मध्येच इथल्या सरकारने पाडापाडी सोडून वस्त्या सुधारायचे ठरवले. 1999 च्या कायद्याने अशा घरांना परवाने देण्याची सोय केली. सुरुवातीला ते दोनच वर्षांचे होते. कागद हाती आल्याने लोकांना धीर आला, हे खरेच. पण गल्ली होती तेवढीच राहिली. मधे बोळ, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या आणि मागे खड्ड्याचा संडास, असे इथले घर. संडास उपसणारी गाडी मागपर्यंत पोचत नाही. पाणी वीस लिटरच्या कॅनमधून, हातगाडीवर. पावसाळ्यात तो खड्डा तुंबला की घाण दारात येते आणि आजारी पडतात ती पोरे.

म्हणून मला उबुंगो दाराजानी ही वस्ती मोलाची वाटते. तिथे रहिवाशांनी इथल्या विद्यापीठाच्या मदतीने स्वतः नकाशा केला आणि रस्त्यासाठी आपापल्या जागेतून पट्टी सोडायचे ठरवले. कुणाचे कुंपण मागे सरायचे यावर वाद झाले असतीलच; पण ते वस्तीतच मिटवायचे होते.

आपल्याकडे असे बिनपरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात आली. प्रशमन शुल्क, विकास शुल्क भरले की प्लॉट नियमित. 2016 च्या हद्दवाढीने भोवतालची गावेही अकोला महापालिकेत आली, म्हणजे काम वाढलेच. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या बाजूला नालीला उतार नाही, तिथे एकट्या प्लॉटचा दाखला घेऊन काय करायचे? फाइल अख्ख्या लेआऊटची घ्यावी, रस्ता आणि नाली नकाशावर आधी आखावी, आणि जो त्यासाठी जागा सोडेल त्याचे विकास शुल्क तेवढे कमी करावे.